गॅस ब्लोबॅक रायफल चार गोळ्यांत दम का सोडते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एम४ धाटणीची गॅस ब्लोबॅक एअरसॉफ्ट रायफल, म्हणजे प्लॅस्टिकच्या गोळ्या झाडणारी खेळाची बंदूक, जिच्यात गॅसच गोळी ढकलतो आणि बोल्टही (आत पुढेमागे सरकणारा भाग) मागे नेतो. ती ग्रीन गॅसवर चालणारी. मॅगझिन भरल्यावर पहिल्या चार-पाच गोळ्या झकास जातात, मग बोल्ट अर्ध्यावरूनच परत येऊ लागतो. एकदा तर ट्रिगर दाबताच उरलासुरला सगळा गॅस फुस्सकन बाहेर गेला. दोनपैकी एक मॅगझिन रात्री भरून ठेवलं तर सकाळी रिकामं सापडतं. आता नवी नोझल, कडक हॅमर स्प्रिंग आणि टाइटबोअर (आतून थोडी अरुंद) बॅरल मागवावी का?

यातलं काहीही आत्ता मागवू नका. तुम्ही सांगितलेली लक्षणं बहुतेक वेळा मॅगझिन आणि दाब या दोन गोष्टींकडे बोट दाखवतात. रायफलच्या पोटातल्या भागांचा नंबर त्यानंतर लागतो. पार्ट बदलत सुटलं की मूळ दोष जागेवर राहतो आणि नव्या पार्टसोबत नवी कुरबुर सुरू होते. म्हणून गॅस ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने आपणही तपासत जायचं.

ती वाट आधी डोळ्यांसमोर आणा. ट्रिगर दाबला की हॅमर पडतो, तो व्हॉल्व्ह नॉकरला ठोकतो आणि नॉकर मॅगझिनच्या रिलीज व्हॉल्व्हची दांडी आत दाबून धरतो. गॅस मॅगझिनच्या माथ्यावरच्या रबरी गॅस्केटमधून नोझलमध्ये शिरतो. नोझलच्या आत एक छोटा सरकता व्हॉल्व्ह असतो. तो आधी पुढची वाट मोकळी ठेवतो, त्यामुळे गोळी बॅरलमध्ये ढकलली जाते. गोळी सुटली की पुढचा दाब पडतो, सरकता व्हॉल्व्ह पुढे जाऊन ती वाट बंद करतो आणि उरलेला गॅस मागे वळून बोल्ट ढकलतो. बोल्ट पुरेसा मागे गेला की हॅमर पुन्हा चढतो, नॉकर मोकळा होतो, मॅगझिनचा व्हॉल्व्ह मिटतो. परत येताना नोझल मॅगझिनमधली पुढची गोळी उचलून चेंबरमध्ये बसवते.

आता यात बोल्ट पुरेसा मागे गेलाच नाही तर काय होईल? नॉकर पुढेच अडकून राहील, व्हॉल्व्ह उघडाच राहील आणि सगळा गॅस निघून जाईल. तुमच्या ‘फुस्स’ची गोष्ट हीच आहे. व्हॉल्व्ह बिघडलेला नव्हता, त्याला मिटायची संधीच मिळाली नाही. असं पुन्हा झालं तर मॅगझिन काढा, चार्जिंग हँडल (बोल्ट मागे ओढायची मूठ) पूर्ण मागे खेचून सोडा, मगच दुसरं मॅगझिन लावा. हे न करता भरलेलं मॅगझिन खुपसलं तर पुढे आलेला नॉकर त्याचाही व्हॉल्व्ह दाबेल आणि तेही तिथल्या तिथे रिकामं होईल.

म्हणजे खरा प्रश्न उरतो तो बोल्ट कमी का पडतो हा. इथे थोडं भौतिकशास्त्र समजून घेतलंत तर पुढची बरीच धडपड वाचेल. ग्रीन गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि त्यात थोडं सिलिकॉन ऑइल. मॅगझिनमध्ये तो द्रवरूपात असतो आणि वर त्याची वाफ. काम वाफ करते. प्रोपेनचा बाष्पदाब २० अंश सेल्सिअसला साधारण ८.४ बार असतो, ० अंशाला तो पावणेपाच बारच्या आसपास उतरतो आणि ४० अंशाला साडेतेराच्या पुढे जातो. आत द्रव किती आहे यावर हा दाब ठरत नाही. थेंबभर द्रव शिल्लक असेतो तो फक्त तापमानावर चालतो.

आणि प्रत्येक गोळीगणिक तापमान उतरत असतं. एक ग्रॅम प्रोपेनची वाफ व्हायला साडेतीनशे जूलच्या आसपास उष्णता लागते आणि ती मॅगझिनच्या धातूतून ओढली जाते. जस्ताच्या मिश्रधातूचं अंग ४०० ग्रॅमचं धरलं आणि बाहेरून काहीच उष्णता मिळाली नाही असं मानलं, तर एक ग्रॅम गॅस उडाल्यावर ते दोन अंशांहून थोडं जास्त थंड होतं. भराभर गोळ्या झाडल्या, तेही गार हवेत, तर मॅगझिनच्या अंगावर दव धरतं आणि बोल्ट हळूहळू मरगळतो. ‘पहिल्या चार झकास, मग ढेपाळते’ याचं सगळ्यात साधं कारण हे असतं. भरल्याबरोबर गोळीबार सुरू केला तर ते आणखी लवकर होतं, कारण भरतानाही मॅगझिन गार पडतं.

तेव्हा पहिली चाचणी फुकटात होणारी आहे. मॅगझिन भरा, दहा-पंधरा मिनिटं खोलीच्या तापमानाला किंवा अंगावरच्या खिशात ठेवा. मग एकेक गोळी, दोन गोळ्यांत चार-पाच सेकंदांचं अंतर ठेवून झाडा. याने तक्रार गेली तर रायफलमध्ये दोष नाही, तिला हवामान आणि झाडण्याचा वेग झेपत नाहीये. खोलीचं तापमान बरं असतानाही, सावकाश झाडूनही बोल्ट अर्ध्यावरून फिरत असेल तर पुढे वाचा. मॅगझिन गरम करायला हेअर ड्रायर, उकळतं पाणी, हीटर, गाडीचा तापलेला डॅशबोर्ड यातलं काहीही वापरू नका. आतला गॅस ज्वलनशील आहे आणि दाब किती झपाट्याने चढतो ते वरच्या आकड्यांत दिसलंच.

भरण्याच्या पद्धतीतही पुष्कळांचा घोळ असतो. मॅगझिन उलटं, बूड वर. कॅन त्याच्यावर उलटा, सरळ रेषेत दाबलेला. द्रव खाली उतरायला हवा. कॅन तिरपा धरला तर कडेने उडणाऱ्या फवाऱ्यालाच लोक ‘भरलं’ समजतात. कॅन मॅगझिनपेक्षा किंचित उबदार असेल तर द्रव पटकन जातो. उलट मॅगझिन गरम आणि कॅन गार असेल तर थोडासाच शिरतो आणि थांबतो. किती गेला हे कळायला ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा हाताशी ठेवा. आधी वजन, नंतर वजन, फरक वहीत. काठोकाठ मात्र भरू नका. वर वाफेला जागा उरली नाही तर द्रवच नोझलमध्ये शिरतो, नळीतून पांढरा धूर निघतो, गोळी भरकटते आणि ओ-रिंग (गळती अडवणाऱ्या रबरी कड्या) थंडीने कडक पडतात.

आता गळकं मॅगझिन. वजनकाटा इथेही कामाला येतो. भरून वजन करा, दोन-तीन तासांनी पुन्हा करा. घट दिसली तर गळती नक्की, आणि ती किती वेगाची तेही कळतं. जागा शोधायला गोळ्या काढून टाका आणि मॅगझिन कोमट पाण्यात, पारदर्शक भांड्यात बुडवा. सुरुवातीला फटींतली अडकलेली हवा बुडबुडे होऊन वर येते, त्याने फसू नका. मॅगझिन हलकेच हलवून ती झटका आणि मिनिटभर थांबा. त्यानंतर एकाच जागेवरून बारीक मण्यांच्या माळेसारखी जी रांग उठते, ती खरी गळती. ती बुडाकडच्या झाकणाच्या सांध्यातून येते, भरण्याच्या व्हॉल्व्हमधून येते किंवा माथ्यावरच्या गॅस्केटच्या भोकातून येते. माथ्यातून येत असेल तर दोष गॅस्केटचा नसतो, खाली बसलेल्या रिलीज व्हॉल्व्हचा असतो. पाहून झालं की मॅगझिन लगेच कोरडं करा. गोळ्यांच्या रांगेखालची स्प्रिंग पोलादी असते, ती ओली राहिली तर गंजते. पाण्याची भीती वाटत असेल तर साबणाचं पाणी ब्रशने सांध्यांवर लावूनही भागतं.

जागा सापडली की लगेच पान्याला हात घालू नका. आधी कचऱ्याची शक्यता निकालात काढा. भरण्याच्या व्हॉल्व्हच्या तोंडात सिलिकॉन ऑइलचे दोन-तीन थेंब सोडा, मग गॅस भरा. गॅस ते तेल आत ओढून रबरांपर्यंत नेतो. मग मॅगझिन चेहऱ्यापासून दूर, मोकळ्या हवेत धरा, हातमोजे घाला आणि रिलीज व्हॉल्व्हची दांडी लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या काडीने झटकन दाबून सोडा. बैठकीवर बसलेला धुळीचा कण त्या झोतात निघून जातो. व्हॉल्व्हची बरीचशी बारीक गळती इतक्यावरच थांबते.

थांबली नाही तर मॅगझिन पूर्ण रिकामं करा. पूर्ण म्हणजे व्हॉल्व्ह दाबल्यावर जराही आवाज येत नाही, आणि मॅगझिन पुन्हा खोलीच्या तापमानाला आल्यावरही येत नाही असं. थंडगार मॅगझिनमध्ये द्रव शिल्लक असतो आणि ‘आता काही नाही’ असं वाटून व्हॉल्व्ह सोडवायला घेतला तर तो बाहेर उडू शकतो. डोळ्यांवर गॉगल हवाच. व्हॉल्व्हसाठी त्याची ठरावीक चावी येते, तीच वापरा. पक्कड लावली तर पितळेचे काठ गोल होतात. ओ-रिंग काढताना सुई किंवा टोकदार स्टीलची आकडी टाळा. खाचेत पडलेला एक ओरखडा नव्या ओ-रिंगलाही गळका ठेवतो.

निघालेली ओ-रिंग उजेडात तिरपी धरून पाहा. चांगल्या रिंगची जाडी गोल दिसते. दबून दबून बाजू सपाट झाल्या असतील, कुठे बारीक चीर असेल किंवा बोटांनी ताणल्यावर ती मूळ आकाराला परत यायला वेळ घेत असेल, तर ती संपली. नवी बसवताना तिच्यावर सिलिकॉन ऑइलचा पातळ हात फिरवा. व्हॉल्व्ह आवळताना हाताचा साधा जोर पुरे. गळती ओ-रिंग अडवते, आटे अडवत नाहीत, आणि मॅगझिनच्या मऊ धातूत आटा गेला तर दुरुस्ती हाताबाहेर जाते. टेफ्लॉन टेपचे वेढे मारून थकलेल्या ओ-रिंगची उणीव भरून निघत नाही, उलट टेपचा तुकडा सुटून व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकतो.

दोन मॅगझिन आहेत ही तुमची मोठी सोय आहे. दोन्ही सारखी भरा, सारखी उबदार ठेवा आणि आलटून पालटून लावा. बोल्टची तक्रार एकाच मॅगझिनबरोबर फिरत असेल तर रायफल उघडायचं कारण नाही. त्या मॅगझिनच्या माथ्यावरचं गॅस्केट पाहा. नोझल जिथे टेकते तिथे त्यावर सगळीकडे सारखा ठसा हवा. एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला पुसट असेल तर गॅस त्या पुसट बाजूने निसटतोय.

दोन्ही मॅगझिनवर तीच रड असेल तेव्हा मात्र बोल्टकडे वळायचं. मॅगझिन काढा, पण त्याने रायफल रिकामी झाली असं समजू नका. चेंबरमध्ये गोळी धरलेली असू शकते. बोल्ट मागे खेचून चेंबरमध्ये डोकवा. अडकलेली गोळी हॉप (गोळीला फिरकी देणारी, कमीजास्त करता येणारी रबरी रचना) शून्यावर आणून नळीच्या तोंडाकडून काडीने हलकेच मागे ढकलली की निघते. मग रिसीव्हर (रायफलचं मुख्य अंग) उघडून बोल्ट कॅरिअर बाहेर काढा आणि आधी गॅसशिवाय, स्प्रिंगशिवाय, नुसत्या हाताने तो रिसीव्हरमध्ये पुढेमागे सरकवा. कुठे घासतो, कुठे अडखळतो हे बोटांना लगेच समजतं. वाळलेल्या ग्रीसमध्ये धूळ मिसळून झालेला काळा लगदा हे मंद बोल्टचं नेहमीचं कारण आहे. सगळं पुसा, सरकणाऱ्या धातूवर पातळ थर द्या, बस्स. जाड थर गार हवेत चिकट होतो आणि जो दाब आधीच अपुरा आहे, त्यातलाच थोडा खातो.

नंतर नोझल. ती कॅरिअरपासून सोडवा, परतीची स्प्रिंग काढून ठेवा आणि पिस्टनवर पुन्हा चढवा. नोझल पुढे ओढा, तिचं तोंड आणि खालचं गॅस शिरण्याचं भोक दोन्ही बोटांनी घट्ट बंद करा आणि ती आत ढकला. आत हवेची उशी लागल्यासारखा विरोध जाणवला पाहिजे. सहज आत गेली तर पिस्टनच्या डोक्यावरची ओ-रिंग किंवा रबरी कप झिजलाय. बोल्ट कमी पडण्यामागे हा एवढासा भाग फार वेळा निघतो, आणि लोक हॅमर स्प्रिंग बदलत बसतात. कडक हॅमर स्प्रिंगने तुमचं दुखणं वाढेल, कारण मागे येणाऱ्या बोल्टलाच तो हॅमर चढवावा लागतो. हाच नियम रिकॉइल स्प्रिंगला. धक्का जोरदार हवा म्हणून कोणी आधी जड बफर (बोल्टच्या मागचं वजन) किंवा कडक स्प्रिंग बसवली असेल तर आधी मूळची परत लावून पाहा.

नोझलचं टोक आणि गोळी उचलणारा खालचा ओठ भिंगाखाली बघा. प्लॅस्टिकची नोझल तिथेच तडकते. आतला सरकता व्हॉल्व्ह हलवल्यावर मोकळा खुळखुळला पाहिजे. तो पुढे चिकटला तर गोळी दोन हातांवर पडते आणि बोल्ट मात्र दणक्यात चालतो, मागे चिकटला तर गॅस पुढेच निघून जातो आणि बोल्ट जागचा हलत नाही. लक्षणावरूनच तो ओळखू येतो.

याच्या उलट तक्रारही असते. कडक उन्हात ट्रिगर दाबला की नुसता ‘टक’ होतो, गॅस जवळपास येतच नाही. तेव्हा आतला दाब इतका चढलेला असतो की हॅमरच्या ठोक्याने व्हॉल्व्ह उघडत नाही. मॅगझिन सावलीत ठेवा, दुसरं काही करू नका. कार्बन डायऑक्साइडच्या १२ ग्रॅमच्या कॅप्सूलवर चालणाऱ्या मॅगझिनमध्ये हे जास्त दिसतं, कारण त्याचा दाब २० अंशालाच ५७ बारच्या घरात असतो. तशी मॅगझिन आपल्या रायफलच्या भागांना चालतात असं निर्मात्याने सांगितलं असेल तरच वापरा. तसंच एचएफसी १३४ए या सौम्य गॅससाठी बनवलेल्या रायफलवर उन्हाळ्यात ग्रीन गॅस चालवला तर ती काही दिवस छान चालते आणि मग बोल्टचा मागचा भाग, बोल्ट कॅच (बोल्ट मागे अडवून धरणारा खटका) आणि हॅमर झिजायला लागतात. १३४ए चा दाब २० अंशाला पावणेसहा बारच्या आत असतो, ग्रीन गॅसचा जवळपास दीडपट.

टाइटबोअर बॅरलबद्दल. बीबीचा, म्हणजे या प्लॅस्टिकच्या गोळीचा, व्यास ५.९५ मिलिमीटरच्या आसपास असतो, सोबत येणारी नळी सहसा ६.०८ ची आणि टाइटबोअर ६.०३ च्या आसपासची. फरक पडतो, पण हॉप-अपच्या रबराला तेल लागलेलं असताना कुठलीही नळी सरळ मारणार नाही. ग्रीन गॅसमधलं सिलिकॉन ऑइल झाडताझाडता नळीत आणि बकिंगवर (हॉप-अपच्या याच रबरावर) जमतं. गोळ्या अचानक डावीकडे-उजवीकडे जायला लागल्या की हॉप शून्यावर आणा, काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलसर केलेलं मऊ फडकं गुंडाळून नळी पुसा, मग कोरडं फडकं फिरवा. नळीत आणि हॉपमध्ये तेल कधीच सोडायचं नाही. नळी खाली धरल्यावर गोळी आपोआप घरंगळून पडत असेल किंवा दोन-दोन सुटत असतील तर बकिंगचा ओठ झिजलाय, ते बदला. आणि जमिनीवरून वेचलेल्या बीबी पुन्हा भरू नका. एका खड्याने नळीवर ओरखडा पडतो.

वेग मोजताना एक गोष्ट गॅसच्या रायफलींना खास लागू होते. ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर, म्हणजे ३२८ फूट वेगाने गेली तर ऊर्जा बरोबर १ जूल. तेवढ्याच ऊर्जेला ०.३० ग्रॅमची गोळी सुमारे ८२ मीटरनेच जायला हवी. पण जड गोळी नळीत जास्त वेळ राहते, गॅस तिला तेवढा वेळ ढकलत राहतो आणि ऊर्जा वाढते. त्यामुळे ज्या वजनाने खेळता त्याच वजनाने क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) मोजा, तेही मॅगझिन उबदार असताना. मैदानावरची मर्यादा समोरच्याच्या दातांसाठी आणि कातडीसाठी असते. हलक्या गोळीवर मोजून जड गोळीने खेळणं म्हणजे ती मर्यादा मोडणंच.

वंगणाचं थोडक्यात: रबराला शुद्ध सिलिकॉन ऑइल, धातूवर धातू घासतो तिथे चांगलं ग्रीस, हॅमर आणि सिअर (हॅमर अडवून धरणारा खटका) यांच्या टेकणाऱ्या कडांवर टोचणीच्या टोकावर मावेल एवढंच. गंज सोडवणारे फवारे रबराजवळही नेऊ नका. त्यांतल्या द्रावकांनी काही रबरं फुगतात आणि आधीचं वंगण धुऊन जातं. सिंगलवर ठेवूनही कधीमधी दोन गोळ्या सुटायला लागल्या तर वंगणाने भागणार नाही. सिअर किंवा डिस्कनेक्टरची (एका दाबात एकच गोळी सुटू देणाऱ्या भागाची) कड गोल झालेली असते. तो भाग बदलेपर्यंत रायफल खेळात नेऊ नका, आणि कड कानशीने घासून ‘धार’ लावायचा मोह तर अजिबात नको, वरचा कडक थर निघून गेला की ती दुप्पट वेगाने झिजते.

ठेवताना मॅगझिनमध्ये थोडासा गॅस राहू द्या. आतून हलका दाब असला की ओ-रिंग आपल्या बैठकीवर टेकून राहतात आणि धूळ आत शिरत नाही. भरगच्च भरून, उन्हात किंवा गाडीत ठेवू नका. गोळ्या काढा म्हणजे स्प्रिंग मोकळी राहील, हॅमर उतरलेला ठेवा, हॉप शून्यावर आणा. कार्बन डायऑक्साइडची टोचलेली कॅप्सूल मात्र आत ठेवायची नाही.

तुमच्यापुरतं आता असं करा. गळक्या मॅगझिनची पाण्यातली चाचणी आणि चांगल्या मॅगझिनवर उबदार, सावकाश झाडून पाहायची चाचणी एकाच दिवशी उरका. मागवायचंच असेल तर तुमच्या मॉडेलचा मॅगझिनच्या ओ-रिंगचा संच, माथ्याचं एक गॅस्केट, पिस्टनची ओ-रिंग किंवा कप, व्हॉल्व्हची चावी आणि सिलिकॉन ऑइलची एक बाटली एवढंच मागवा. एवढं होऊनही बोल्ट अर्ध्यावरून फिरत असेल तर मॉडेल, त्या वेळचं हवामानाचं तापमान, भरण्याआधीचं आणि नंतरचं वजन आणि नोझलच्या हवेच्या उशीच्या चाचणीत काय जाणवलं हे लिहून पाठवा. त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.